ओल्या जखमेचा कायदा

एका जंगलात कोर्ट होतं. आता तुम्ही म्हणाल, जंगलात कोर्ट कशाला? मुलांनो, तिथल्या प्राण्यांनाही नेमकं हेच विचारायचं होतं. पण ते विचारायचं तर आधी कोर्टात जावं लागे, आणि कोर्टात शिरणं सोपं नव्हतं.

राजा वाघ होता का, असं मध्येच विचारू नका. होता. पण तो आपल्या गोष्टीत येत नाही. तो कुणाच्याच गोष्टीत येत नाही, म्हणून तर इतकी वर्षं राजा राहिला.

तर त्या कोर्टात न्यायाधीश म्हणून एक म्हातारं अस्वल बसायचं. त्याच्या आजोबांच्या काळात जो उठेल तो फिर्याद करायचा. बेडकाने ढगावर फिर्याद केली. माकडाने कैऱ्यांवर केली, आंबट लागल्या म्हणून. एका कावळ्याने तर बगळ्याच्या वतीने बगळ्याच्याच रंगावर फिर्याद केली, आणि बगळ्याला ते महिनाभर कळलंही नाही. आजोबांना मध चाटायला फुरसत मिळेना. शेवटी ते वैतागले आणि त्यांनी नियम करून टाकला. ज्याला लागलं त्यानेच ओरडावं. आणि नुसतं ओरडून भागणार नाही, जखम दाखवावी. जखम ओली हवी. सुकलेली चालणार नाही, कारण सुकली म्हणजे बरी झाली. उद्या होणारी चालणार नाही, कारण ती अजून झालेलीच नाही.

जखम तपासायला कोर्टाच्या दारात एक तरस बसे. त्याला शिरस्तेदार म्हणत. आलेल्याला तो आधी हुंगायचा, मग तीन प्रश्न विचारायचा. कुठे लागलं? कुणी मारलं? आणि कोर्टाने फुंकर घातली तर बरं वाटेल का? तिन्ही उत्तरं पटली तरच आत सोडायचा. वर्षाकाठी दोघंतिघं आत जात. बाकीचे दारातूनच घरी जात. तरी अस्वल म्हणायचं की कामाचा फार ताण आहे, आणि डोळे मिटून घ्यायचं.

त्या जंगलात दोन पक्ष होते. एक ऊनवाले, दुसरे सावलीवाले.

ऊनवाल्यांचं म्हणणं असं की ऊन हे सगळ्यांचं आहे आणि मोठी झाडं ते एकटी गिळतात. सावलीवाल्यांचं म्हणणं असं की सावली हीच आपली जुनी संस्कृती आहे आणि ऊन हे बाहेरून येतं. ते कुठून येतं हे वर बघितलं तर कुणालाही दिसलं असतं. पण विचारसरणी असलेला प्राणी वर बघत नाही, समोरच्या पक्षाकडे बघतो.

ऊनवाल्यांच्या पुढारी होत्या घोरपडबाई. त्यांना खडकावर पडून अंग शेकायची सवय होती. त्या सवयीलाच पुढे तत्त्वज्ञान म्हणू लागले. सावलीवाल्यांचा पुढारी होता एक हुप्प्या वानर. त्याचा मुक्काम झाडावर, म्हणून तो सावलीवाला. दोघांच्याही सभांना तेच ते प्राणी जात, कारण जंगलात दुसरी करमणूक नव्हती.

त्या वर्षी ऊनवाल्यांचं राज्य आलं आणि घोरपडबाई प्रधान झाल्या. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला. उन्हाचं समान वाटप व्हावं, म्हणून दर टापूतलं सर्वांत उंच झाड पाडायचं. एका खारीने विचारलं की सर्वांत उंच झाड पाडलं की दुसरं एक झाड सर्वांत उंच होईल, मग त्याचं काय? घोरपडबाई म्हणाल्या, तेही पाडू. खार म्हणाली, मग तिसरं? तेव्हा तिला खाली बसवण्यात आलं.

झाडं पाडायचं काम साळिंदरांकडे दिलं. साळिंदर मुळं कुरतडतो. त्याला झाड पाडायला विचारसरणी लागत नाही, दात पुरतात.

नदीकाठच्या टापूत सर्वांत उंच होता एक बेहडा. साळिंदर येऊन त्याच्या बुंध्याला लाल मातीचा पट्टा ओढून गेले. आठ दिवसांनी येतो म्हणाले.

आणि मुलांनो, त्या बेहड्याच्या ढोलीत धनेशीण होती.

धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला माहीत नसेल. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. फक्त चोचीएवढी फट ठेवते. आत बसल्यावर तिची पिसं झडतात. तिला उडता येत नाही. बाहेर धनेश दिवसभर उंबरं गोळा करतो आणि त्या फटीतून एक एक आत देतो. पिल्लं पुरेशी मोठी झाली की ती दार फोडून बाहेर येते. तोवर तिचं सगळं जग म्हणजे ती ढोली, आणि सगळं आभाळ म्हणजे ती फट.

या धनेशिणीची दोन अंडी नुकतीच फुटली होती. आत दोन उघडी पिल्लं होती. झाड पडलं असतं तर तिघंही आतल्या आत मेली असती. एवढीच आपली गोष्ट आहे, बाकी सगळं कोर्ट आहे.

धनेश पट्टा बघून हादरला. तो साधा पक्षी होता. त्याला ऊनवाले कोण आणि सावलीवाले कोण हेही नीट ठाऊक नव्हतं, कारण उंबरं दोन्हीकडे पिकत. तो सरळ कोर्टात गेला.

तरसाने त्याला चोचीपासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि विचारलं, "कुठे लागलंय?"

"मला नाही लागलेलं. आमच्या घरात बायको आहे, पोरं आहेत. झाड पाडणार आहेत."

"पाडलं का?"

"अजून नाही. आठ दिवसांनी."

"मग आठ दिवसांनी ये."

धनेशने समजावून बघितलं की तेव्हा येऊन उपयोग नाही. तरसाला ते पटलं, पण पटणं त्याच्या कामात बसत नव्हतं. वर त्याने आणखी एक अडचण काढली. झाड धनेशचं घर नाही, तो तर बाहेर फांदीवर झोपतो. घर बायकोचं. तेव्हा यायचं तर तिने यायला हवं.

धनेश म्हणाला, ती बाहेर येऊ शकत नाही. तरस म्हणाला, दार फोडून येऊ दे. धनेश म्हणाला, दार फोडलं तर पिल्लं उघडी पडतील, आणि तिला उडताही येत नाही. तरस म्हणाला, शिवाय ती बाहेर आली की ढोलीत राहणारी उरणार नाही, म्हणजे मग तिलाही काही लागलं असं म्हणता येणार नाही. हे बोलून तरस स्वतःवरच खूश झाला. असा मुद्दा त्याला फार दिवसांत सुचला नव्हता.

धनेश परत गेला. धनेशिणीने आपलं एक झडलेलं पीस फटीतून बाहेर दिलं आणि म्हणाली, हे माझी खूण म्हणून दाखवा. दुसऱ्या दिवशी तरसाने पीस हुंगलं आणि बाजूला ठेवलं. सुकलं आहे, म्हणाला.

हे सगळं हुप्प्याच्या कानावर गेलं. तो टुणकन उडी मारून धनेशजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, आता ही तुझी एकट्याची लढाई राहिली नाही. धनेशला एवढं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एकट्याने लढणाऱ्याला असं कुणी म्हणालं की येतंच.

हुप्प्याने तीनशे प्राणी गोळा केले. ससे, भेकरं, खारी, दोन कासवं आणि एक मासा, जो कुणाला तरी ओंजळीत आणावा लागला. मोठी फिर्याद लिहिली, की बेहड्याची सावली आमच्या सगळ्यांची आहे आणि ती गेली तर आम्हा सगळ्यांचं नुकसान आहे. फिर्यादीत धनेशिणीचं नाव शेवटच्या पानावर होतं.

एवढा जमाव बघून तरसाने दारातून बाजूला व्हायचं ठरवलं. सगळ्यांना हुंगायचं तर त्याचं नाक झिजलं असतं.

आता इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. कंटाळू नका, छोटी आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी सावलीवाल्यांचं राज्य होतं. तेव्हा त्यांनी जागोजागी वेल चढवले, आणि घोरपडबाईंच्या खडकावर सावली आली. घोरपडबाई कोर्टात आल्या. त्या वेळी त्यांनी जोरदार भाषण केलं, की कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं हवं, जखम मनालाही होते, एकाने सगळ्यांसाठी बोललं तर बिघडलं काय? आणि हुप्प्याने त्याहून जोरदार उत्तर दिलं होतं, की ज्याला लागलं त्यानेच ओरडावं, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि राज्य चालवणं मुश्कील करील. अस्वलाला संधिवात होता. सकाळचं ऊन त्यालाही लागायचं. त्याने बराच विचार केला आणि थंडी वाजणं ही जखमच आहे असा निकाल दिला. ती ओली कशी, असं हुप्प्याने विचारलं, तेव्हा अस्वलाने घोरपडबाईंच्या पाठीवरचं दव दाखवलं.

ती दोन्ही भाषणं पळसाच्या पानांवर लिहून कोर्टाच्या कपारीत ठेवलेली होती. या वेळी हुप्प्याला घाई होती, म्हणून त्याने कपारीतून घोरपडबाईंचं जुनं भाषण काढून घेतलं. घोरपडबाईंनी हुप्प्याचं घेतलं. दोघांनाही नवीन काही लिहावं लागलं नाही. जंगलात पानांची बचत झाली.

हुप्प्या कोर्टाच्या खुल्या दाराबद्दल बोलला. तीनशे प्राण्यांनी माना डोलावल्या. मग घोरपडबाई वाचायला उभ्या राहिल्या. त्या अगदी जोशात वाचत होत्या, आणि वाचता वाचता म्हणाल्या, "आम्ही सावलीवाले प्राण गेला तरी एक पानसुद्धा पडू देणार नाही."

मग ऊनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मध्येच थांबू नये म्हणून त्या जरा जास्तच वाजवल्या. हुप्प्याने हरकत घेतली नाही, कारण त्याच्या हातातल्या पानावर एक ओळ होती, 'आम्ही खडकावर शेकणारे', आणि तो ती नुकतीच वाचून गेला होता.

अस्वलाने एक डोळा उघडला. त्याने विचारलं, सावली जाणार ती कुणाची? तीनशे प्राणी म्हणाले, आमची सगळ्यांची. अस्वल म्हणालं, सगळ्यांना लागलं म्हणजे खास कुणालाच लागलं नाही. तेव्हा फिर्याद फेटाळली. थंडी ही जखम असेल तर उन्हाचा चटका का नाही, असं कासवाने विचारायला सुरुवात केली, पण कासवच ते, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोर्ट उठलं.

बाहेर आल्यावर धनेश हुप्प्याच्या पाया पडला आणि म्हणाला, आता काहीतरी करा, चारच दिवस राहिले. हुप्प्या मात्र उदास दिसत नव्हता. त्याने धनेशला बाजूला नेलं.

"हे बघ, रागावू नकोस. झाड पडू दे. एकदा पडलं की जखम ओली. मग आपली बाजू काय मजबूत होते बघ. तुझ्या बायकोचं नाव जंगलातलं पोरनपोर घेईल."

धनेश तिथून उडाला आणि उंबरं गोळा करायला गेला, कारण पिल्लांची खायची वेळ झाली होती. मुलांनो, मला या हुप्प्याचा फार राग येतो. घोरपडबाईंना निदान झाड नको होतं हे उघड होतं. याला झाड हवं होतं, पण पडलेलं.

उंबरं देताना धनेशच्या चोचीतून दोन खाली पडली. धनेशिणीने फटीतून विचारलं, "अहो, काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. तरसाचं हुंगणं, तीन प्रश्न, तीनशे प्राणी, हुप्प्याचा सल्ला. ती शांतपणे ऐकत होती. ढोलीत बसलेल्या बाईला ऐकायला वेळ भरपूर असतो. मग तिने नेमकं विचारलं, की जखम कुणाची हवी असं कायद्यात लिहिलंय का? धनेश म्हणाला, फिर्याद करणाऱ्याची. बरं, आणि ओली असली की लगेच घेतात? लगेच, धनेश म्हणाला, पण कुणाची ओली असते?

आतून पिल्लांचा चिवचिवाट येत होता.

"त्या शिरस्तेदारांना इकडे घेऊन या," ती म्हणाली. "म्हणावं, बाई बाहेर येऊ शकत नाही, तुम्हीच येऊन हुंगा."

धनेशला यातून काय होणार ते कळलं नाही. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती. न कळताही ऐकावं, एवढं त्याला कळत होतं.

तरसाला आमंत्रण आवडलं. त्याच्या नाकाला आजवर कुणी घरी बोलावलं नव्हतं. शिवाय स्थळपाहणीची तरतूद जुन्या नियमांत होती, ती त्याने शोधून काढली. पाहणीला घोरपडबाई आल्या, काही गडबड होऊ नये म्हणून. हुप्प्या आला, गडबड झाली तर आपण तिथे असावं म्हणून. साळिंदरही आले, ते आपले पट्टा पुसला गेलाय का बघायला.

ढोली उंचावर होती आणि तरसाला झाडावर चढता येत नाही. तेव्हा वेलीचं एक टोक तरसाच्या कमरेला बांधलं आणि दुसरं घोरपडबाईंच्या. घोरपडीची पकड तुम्हाला माहीतच आहे. बाई वर सरकू लागल्या आणि खालून हुप्प्याने तरसाच्या बुडाला खांदा लावला. ऊनवाले आणि सावलीवाले एका कामात एकत्र आले ते त्या जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि तेही कोर्टाला वर चढवण्यासाठी.

तरस फांदीवर बसला, धापा टाकल्या, मिशा नीट केल्या आणि फटीला नाक लावलं. वास नीट येईना. त्याने नाक आत घातलं.

"कुठे लागलंय, बाई?" त्याने विचारलं.

धनेशिणीची चोच तुम्ही पाहिली आहे का? ती काही चिमणीची चोच नाही. तिने ती मिटली आणि नाक सोडलं नाही. तरस असा ओरडला की नदीपलीकडच्या जंगलातल्या कोर्टाने तारीख पुढे ढकलली. शेवटी तिने सोडलं तेव्हा तो फांदीवरून थेट खाली आला. आणि मुलांनो, त्याच्या नाकातून रक्त येत होतं. ठिबकत होतं. दोन वर्षांत त्या कोर्टाच्या वाट्याला आली नव्हती इतकी ओली जखम.

तरस तसाच पळत कोर्टाच्या दारात गेला. पण दारात हुंगायला कोणी नव्हतं, कारण हुंगणारा तोच. नियम मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो आधी दारात बसला, स्वतःचं नाक स्वतःच हुंगलं, आणि स्वतःला विचारलं, कुठे लागलं? नाकाला. कुणी मारलं? ढोलीतल्या बाईने. फुंकर घातली तर बरं वाटेल का? फार बरं वाटेल. मग त्याने स्वतःला आत सोडलं.

अस्वलाने दोन्ही डोळे उघडले. फिर्याद तिथल्या तिथे दाखल झाली. अस्वल म्हणालं, आरोपीला हजर करा. धनेश पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, ती येऊ शकत नाही. ती बंद ढोलीत आहे, दार लिंपलेलं आहे, फक्त चोचीएवढी फट आहे, त्यातून मी जेवण देतो.

अस्वलाला हे वर्णन ओळखीचं वाटलं.

"म्हणजे आरोपी कोठडीत आहे," ते म्हणालं. "उत्तम. खटल्याचा निकाल लागेपर्यंत आरोपी तिथेच राहील. कोठडीला कुणी दातही लावायचा नाही."

घोरपडबाई ताडकन उठल्या. उन्हाच्या समान वाटपाचा हुकूम आहे, झाड परवा पाडायचं आहे, असं त्या सांगू लागल्या. अस्वलाने त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला कुठे लागलंय का?"

बाईंनी स्वतःकडे पाहिलं. दवसुद्धा नव्हतं. त्या बसल्या. मग हुप्प्या उठला, की सावलीच्या बाजूने आमचंही दोन शब्द ऐका. अस्वलाने त्यालाही तोच प्रश्न विचारला. तोही बसला. दोन विचारसरण्या एका बाकावर शेजारी शेजारी बसल्या आणि एकमेकींना जागा करून देऊ लागल्या.

साळिंदरांना नवं काम मिळालं. तेच साळिंदर त्याच लाल पट्ट्याशी पहाऱ्याला उभे राहिले. धनेश रोज उंबरं आणी, तेव्हा ते उठून वाट देत, कारण कैद्याचं जेवण अडवणं गुन्हा होता. पिल्लं वाढली, त्यांना पिसं फुटली. एके सकाळी धनेशिणीने दार फोडलं, आणि चौघंही नदीवरून उडत गेली. धाकटं पिल्लू जरा तिरकं उडत होतं. धनेश त्याच्या खालून उडत होता.

पुढच्या तारखेला आरोपी फरार अशी नोंद झाली. आरोपी सापडेपर्यंत कोठडी जपून ठेवावी, असा हुकूम निघाला. दुसऱ्या वर्षी अंडी घालायची वेळ आली तशी धनेशीण त्याच ढोलीत शिरली आणि आतून दार लिंपून घेतलं. आरोपी हजर, अशी नोंद झाली. मग पुन्हा फरार. मग पुन्हा हजर. असं चाललं आहे.

मधल्या काळात राज्य दोनदा बदललं. ऊनवाले सांगतात, बेहडा आमच्या कायद्याच्या राज्यामुळे उभा आहे. सावलीवाले सांगतात, आमच्या लढ्यामुळे. तरसाचं नाक केव्हाच बरं झालं असतं. पण जखम सुकली तर खटला निकालात निघेल आणि इतक्या वर्षांची कागदपत्रं वाया जातील, म्हणून तो रोज सकाळी दारात बसून थोडं खाजवतो.

तात्पर्य : आपल्यावर अन्याय होणार असेल तर कोर्टात जाऊ नये, तिथे आपली जखम बघतात. कोर्टालाच घरी बोलवावं. ते येताना नाक पुढे करून येतं.